गलगले ते अकापुल्को

मार्च १६९५. कृष्णेच्या काठी गलगले इथे औरंगजेबाची छावणी पडली होती. संभाजी महाराजांच्या हत्येला सहा वर्षे होऊन गेली होती, राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात होते आणि ऐंशीकडे झुकलेला बादशहा दक्षिण सोडायला तयार नव्हता. त्या छावणीत गोव्याकडून एक इटालियन प्रवासी दाखल झाला. जोव्हानी फ्रान्चेस्को जेमेल्ली करेरी हे त्याचे नाव. पेशाने वकील. खानदानी घराण्यातला नसल्याने नेपल्समध्ये बढती मिळत नाही, म्हणून वैतागून जग बघायला निघालेला.

करेरीला बादशहाची भेट मिळाली. त्याने केलेले औरंगजेबाचे वर्णन आपल्याकडच्या इतिहासकारांनी पुष्कळदा वापरले आहे. बुटका, सडपातळ, वयाने वाकलेला, मोठ्या नाकाचा, पांढऱ्या दाढीचा म्हातारा चष्मा न लावता अर्ज वाचतो आहे, त्यावर स्वतःच्या हाताने शेरे मारतो आहे आणि हे काम करताना खूश दिसतो आहे. छावणीचा घेर तीस मैलांचा आणि आत अडीचशे बाजार, असे करेरी लिहितो. माणसांचा आकडा तर तो लाखांत नव्हे, पन्नास लाखांत सांगतो. तो अर्थातच फुगवलेला आहे. पण दरबारात बसलेला तो म्हातारा खरा वाटतो.

आपल्या पुस्तकांतून करेरी इथेच संपतो. गलगल्याच्या पुढे तो कुठे गेला, याच्याशी आपल्याला काही देणेघेणे नसते. तो पुढे चीनला गेला, तिथून मनिलाला, आणि १६९६च्या उन्हाळ्यात मनिलाहून स्पॅनिश गलबतात बसून प्रशांत महासागर ओलांडून जानेवारी १६९७मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरात उतरला. गलगल्याला बादशहाला पाहिल्यानंतर दोन वर्षेही झाली नव्हती.

अकापुल्को म्हटले की आज डोळ्यांसमोर वेगळेच चित्र येते. निळी खाडी, अर्धगोल किनारा, रांगेने उभी हॉटेले, ला केब्राडाच्या कड्यावरून समुद्रात सूर मारणारी पोरे. एल्व्हिस प्रेस्लीचा १९६३चा चित्रपट या शहराच्या नावावर निघाला, आणि त्याच्या चित्रीकरणासाठी एल्व्हिसने अकापुल्कोत पाऊलही ठेवले नव्हते. टार्झन म्हणून गाजलेला जॉनी वाइसम्युलर मात्र इथे खरोखर राहिला, १९८४मध्ये इथेच मेला आणि इथेच पुरला गेला. अमेरिकी श्रीमंतांचे मौजमजेचे गाव अशी ही ओळख. ती गेल्या शंभर वर्षांतली आहे. त्याआधीची अडीचशे वर्षे अकापुल्को हे आशिया आणि अमेरिका यांच्यातले दार होते, आणि त्या दारातून जी माणसे आत नेली गेली त्यांत आपल्या उपखंडातलीही होती.

या दाराची सुरुवात समजून घ्यायची तर वारे समजून घ्यावे लागतात. मेक्सिकोहून फिलिपिन्सला जाणे सोपे होते. व्यापारी वारे पाठीशी असत, तीनेक महिन्यांत गलबत पोहोचे. अडचण होती परतीची. ज्या वाऱ्यांनी नेले तेच समोर उभे राहत. सोळाव्या शतकात स्पेनच्या अनेक मोहिमा तिकडे गेल्या आणि परतीची वाट न सापडल्याने अडकल्या. १५६४च्या अखेरीस लेगास्पीची मोहीम मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून निघाली. त्या मोहिमेतला आंद्रेस दे उर्दानेता हा पूर्वाश्रमीचा खलाशी, तेव्हाचा ख्रिस्ती साधू. त्याने परतताना गलबत सरळ पूर्वेला न हाकता उत्तरेला नेले, जपानच्या अक्षांशापर्यंत. तिथे पश्चिमेकडून वाहणारे वारे मिळाले. त्यांच्या जोरावर कॅलिफोर्नियाचा किनारा गाठायचा आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला उतरायचे. ऑक्टोबर १५६५मध्ये तो अकापुल्कोला पोहोचला आणि वाट कायमची सापडली.

श्रेय उर्दानेताला मिळाले. त्याच ताफ्यातले एक छोटे गलबत मात्र त्याच्या दोन महिने आधीच मेक्सिकोला परतले होते. त्याचा सुकाणू सांभाळणारा लोपे मार्तिन हा आफ्रिकी वंशाचा पोर्तुगीज होता. बक्षीस तर राहिलेच, पुढच्या सफरीत त्याला फिलिपिन्सला पाठवताना तिथे पोहोचल्यावर शिक्षा व्हावी अशी व्यवस्था केली गेली होती. इतिहासात हे असे फार वेळा होते.

लेगास्पीने पुढे १५७१मध्ये मनिला घेतले. तेव्हा मनिलाचा राजा सुलेमान नावाचा मुसलमान होता, ब्रुनेईच्या सुलतानाच्या नात्यातला. आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असेल की आज कॅथलिक म्हणून ओळखले जाणारे मनिला स्पॅनिशांनी एका मुस्लिम राजाकडून घेतले. स्पॅनिश लोकांनी तिथल्या मुसलमानांना ‘मोरो’ म्हटले. मोरो म्हणजे मूर, अंदालुसियाचे अरब आणि बर्बर. ग्रानाडा पडून ऐंशी वर्षे झाली नव्हती, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला, ज्यांनी कधी अरब पाहिला नसेल अशा मलय लोकांत त्यांना पुन्हा तोच शत्रू दिसला. दक्षिण फिलिपिन्सचे मुसलमान आज स्वतःच हे नाव अभिमानाने लावतात, तो भाग निराळा.

तर मनिला आणि अकापुल्को यांच्यात १५६५पासून १८१५पर्यंत, अडीचशे वर्षे, ही गलबते धावली. वर्षाला एक, फार तर दोन. जाताना मेक्सिको आणि पेरूच्या खाणींतली चांदी, येताना चीनचे रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले, हस्तिदंताच्या मूर्ती आणि हिंदुस्थानी सुती कापड. बंगाल, कोरोमंडल आणि गुजरातचे कापड मनिलाला जाई. तिथे प्रोटेस्टंट इंग्रजांना बंदी होती. त्यावर इंग्रजांनी नामी तोड काढली. मद्रास आणि सुरतेहून आपला माल ते आर्मेनियन किंवा ‘मूर’ व्यापाऱ्याच्या निशाणाखाली पाठवत. म्हणजे मूरांशी सात शतके लढल्याचा टेंभा मिरवणाऱ्या स्पॅनिशांच्या बंदरात मूराचे निशाण चालत होते, इंग्रजाचे नाही. व्यापारात वैराचे हिशेब असे बदलतात.

स्पेनच्या राजाने १५९३मध्ये या व्यापाराला मर्यादा घातली. मनिलाहून अडीच लाख पेसोंचा माल, परतीला पाच लाख पेसोंची चांदी. ही मर्यादा कागदावर राहिली. १७४३मध्ये इंग्रज दर्यावर्दी अॅन्सनने एक गलबत पकडले, त्यात तेरा लाखांहून अधिक चांदीची नाणी निघाली. ही नाणी मनिलातून चीनकडे जात, काही हिंदुस्थानकडे वळत. अमेरिकेची चांदी युरोप आणि तांबड्या समुद्राच्या मार्गानेही सुरतेला येई, आणि टांकसाळीत वितळून बादशहाच्या नावाचा रुपया होऊन बाहेर पडे. गलगल्याच्या छावणीत शिपायांना पगार वाटले जात होते त्या रुपयांत मेक्सिकोची चांदी होती, हे करेरीला कळले असते तर त्याने नक्की लिहिले असते. तो अशा गोष्टींचा शौकीन होता. प्रवासाचा खर्चच तो व्यापारातून काढत असे. एका बंदरात स्वस्त असलेली वस्तू पुढच्या बंदरात विकायची. चीनमधला पारा मेक्सिकोत नेला तर दाम किती पटीने वाढतो, हे त्याने वाचकांना सांगून ठेवले आहे. चांदी शुद्ध करायला पारा लागे.

करेरीचा हा समुद्रप्रवास जवळपास सात महिन्यांचा झाला. जगातला सगळ्यात लांब आणि सगळ्यात भयंकर प्रवास, असे त्याचे मत. बिस्किटांत किडे, पाण्याचे माप ठरलेले, अंगावर उवा, एकाच दिवसात थंडी आणि उकाडा. माणसे मरत आणि समुद्रात सोडली जात. कॅलिफोर्नियाजवळ पाण्यावर तरंगणारे शेवाळ दिसले की जमीन जवळ आल्याची ती खूण. मग गलबतावर एक मजेदार सोहळा होई. खलाशी खोटे न्यायालय भरवत, न्यायाधीश होऊन बसत आणि कप्तानापासून प्रवाशांपर्यंत सर्वांवर खटले चालवत. शिक्षा मृत्युदंडाची, पण चॉकलेट, बिस्किटे, मिठाई किंवा पैसे देऊन सुटका. सात महिने ज्यांच्या हुकमाखाली काढले त्यांना एक दिवस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, ही खलाशांची हौस समजण्यासारखी आहे. या खलाशांत पुष्कळसे फिलिपिनी असत, पगार स्पॅनिशांपेक्षा कमी. अकापुल्कोला उतरले की त्यांतले बरेच जण परत जातच नसत.

आणि अकापुल्कोला उतरल्यावर करेरीला काय दिसले? पूर्वेचा सगळा खजिना जिथे उतरतो ते शहर भव्य असेल अशी कोणाचीही अपेक्षा असणार. त्याला दिसली मासेमाऱ्यांची एक गरीब वस्ती. लाकूड, माती आणि गवताची घरे, भयंकर उकाडा, महागडे अन्न. वस्ती बहुतेक काळ्या आणि मिश्रवंशीय लोकांची. स्पॅनिश व्यापारी जत्रेपुरते येत आणि गलबत रिकामे झाले की डोंगर चढून थंड हवेत पळून जात. इथल्या पाद्र्याला सरकारी पगार नावापुरता, पण परगावच्या मेलेल्या लोकांच्या दफनविधीतून त्याची कमाई हजारो पेसोंची, असे करेरी नोंदवतो. यावरून त्या हवेची कल्पना यावी.

त्याने नोंदवलेली एक गोष्ट वाचून मात्र थांबायला होते. बंदरावर माल उतरवणारे हमाल जत्रेच्या दिवसांत बरे कमवत. गलबते निघून गेली की ते एक खोटी अंत्ययात्रा काढत. आपल्यातल्याच एकाला तिरडीवर झोपवायचे, त्याच्यामागे रडत गावभर फिरायचे आणि दान गोळा करायचे. मेला तो त्यांचा रोजगार. या शहराची नाडी या हमालांइतकी कोणाला कळली असेल असे वाटत नाही. हंगाम आला की गर्दी, हंगाम गेला की स्मशान. तेव्हा गलबते येत, पुढे पर्यटक येऊ लागले, एवढाच काय तो फरक.

आता शब्दांकडे वळू. स्पेनने आपल्या अमेरिकी मुलखात मुसलमानांना पाय ठेवायला मनाई केली होती. धर्मांतर केलेल्या मुसलमानांनाही. १६०९ ते १६१४ या काळात तर लाखो मोरिस्कोंना, म्हणजे बाटवलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, स्पेनमधूनच हाकलले गेले. पण अकापुल्कोला गलबत लागले की त्याचा माल तपासणाऱ्या कचेरीचे नाव काय? ‘अदुआना’. हा शब्द अरबीतल्या ‘अद्-दीवान’वरून आला. तोच आपला दिवाण आणि दिवाणखाना. तिथे भरायच्या कराचे नाव ‘अल्मोहारिफास्गो’. हे लांबलचक नाव ‘अल्-मुश्रिफ’वरून पडले. मुश्रिफ म्हणजे देखरेख करणारा अधिकारी. कोल्हापूरकडच्या वाचकांना मुश्रीफ हे आडनाव सांगायला नको. बंदराचा आणि आसपासच्या मुलखाचा न्यायनिवाडा करणारा ‘अल्काल्दे’, तो ‘अल्-काझी’. माल तोलायचे माप ‘किंताल’, मूळ अरबी ‘किंतार’, जे फिरत फिरत आपल्या बाजार समितीत क्विंटल होऊन बसले आहे. त्याचा चौथा हिस्सा ‘अर्रोबा’, अरबी ‘अर्-रुब्’ म्हणजे पाव. माल वाहून नेणाऱ्या खेचरांच्या तांड्याला ‘रेकुआ’, तेही अरबी. किल्ल्यातला पाण्याचा टाका ‘अल्हिबे’, तो ‘अल्-जुब्ब’.

म्हणजे बघा, काझी, मुश्रीफ, दिवाण सगळे अकापुल्कोच्या धक्क्यावर हजर. फक्त मुसलमानाला बंदी. (आपणही कमी नाही. स्पॅनिशांनी करवसुलीला दिवाण नेला, आपण ‘जकात’ नेली. इबादतीतला शब्द नाक्यावर उभा केला.) हे लिहिताना मला ‘आपण जगाला काय काय दिले’ छापाच्या लेखांची आठवण होते. त्या छापाचा अभिमान मला इथे मिरवायचा नाही. शब्द टिकतात आणि माणसे हाकलली जातात, हे एकाच राज्यात, एकाच काळात, एकमेकांना न अडवता घडू शकते. भाषेत मिसळलेपण आहे म्हणून समाजात जागा मिळतेच असे नाही.

आणि बंदी होती ती स्वेच्छेने येणाऱ्यांना. साखळदंडात आणलेल्यांसाठी दार उघडे होते.

स्पॅनिश राजाने अमेरिकी आदिवासींना गुलाम करणे सोळाव्या शतकातच बेकायदा ठरवले होते. फिलिपिन्सची रयतही त्यात धरली गेली. पण मोरोंना अपवाद होता. मुसलमानांशी चाललेले युद्ध हे न्याय्य युद्ध, सबब त्यात पकडलेला मुसलमान गुलाम करता येतो, असा तो युक्तिवाद. याशिवाय पोर्तुगीज जहाजे गोवा, कोची, बंगाल, मलाक्का इथून माणसे आणून मनिलाच्या बाजारात विकत. तिथून ती अकापुल्कोला जात. मेक्सिकोत उतरल्यावर बंगाली, मल्याळी, जावाचे, मिंदानावचे, सगळ्यांची एकच नोंद होई, ‘चिनो’. चिनी. गाव, भाषा, धर्म, सगळे त्या एका शब्दात बुडाले. १६७२मध्ये या चिनो गुलामांना मुक्त करण्याचा हुकूम निघाला, पण तो हातात पडेपर्यंत अनेकांचे आयुष्य संपले होते.

त्यांतल्या एका मुलीचे चरित्र मात्र आपल्याला सापडते. तिचे मूळ नाव मिर्रा असे सांगितले जाते. मुघल मुलखातली ही मुलगी लहानपणी पोर्तुगीज चाच्यांनी पळवली. कोचीला तिचा बाप्तिस्मा झाला आणि ती कातारिना दे सान हुआन झाली. मनिलाला तिची विक्री झाली आणि १६२०च्या सुमारास ती अकापुल्कोच्या धक्क्यावर उतरली. पुएब्ला शहरातल्या एका स्पॅनिश कप्तानाने तिला घेतले. मालकाच्या मृत्यूनंतर ती मुक्त झाली, एका चिनो गुलामाशी तिचे लग्न लावून दिले गेले, पण तिला संसारापेक्षा प्रार्थनेतच रस होता. तिला दृष्टान्त होतात अशी ख्याती पसरली. ५ जानेवारी १६८८ रोजी ती गेली तेव्हा पुएब्लात तिच्या अंत्यदर्शनाला झुंबड उडाली. शहरातल्या बड्या लोकांनी तिला खांदा दिला.

तिचा जेझुइट पाद्री आलोन्सो रामोस याने तिचे तीन खंडांचे चरित्र लिहिले. त्यात ती मुघल राजघराण्याशी नाते असलेली राजकन्या आहे. हे भक्तिभावाने रचलेले असणार हे उघड आहे. गुलाम बाई संतपदाला पोहोचली हे पचवायला ती मुळात राजकन्या असणे सोयीचे होते. चर्चच्या धर्मन्यायालयाला तेही पचले नाही. आधी तिच्या चित्रांची पूजा बंद झाली आणि १६९६मध्ये चरित्रावरच बंदी आली. त्याच वर्षी करेरी मनिलाहून निघाला होता. मेक्सिको सोडण्यापूर्वी तो पुएब्लावरून गेला.

पुढे दोनशे वर्षांनी मेक्सिकोच्या राष्ट्रीय पोशाखाला ‘चिना पोब्लाना’, म्हणजे पुएब्लाची चिनी बाई, असे नाव रूढ झाले, आणि लोकांनी ते या कातारिनाशी जोडून टाकले. भरतकाम केलेला घेरदार घागरा, पांढरी चोळी आणि शाल पाहिली की आपल्यालाही हिंदुस्थानची आठवण येते. इतिहासकार हे नाते मान्य करत नाहीत. तो पोशाख एकोणिसाव्या शतकातल्या मेक्सिकन बायकांचा, कातारिना तर साधी काळी वस्त्रे घाले. तिच्या आयुष्यातून अस्सल हिंदुस्थानी असे काही उरले असेल तर ते तिचे मूळ नाव, आणि तेही पाद्र्याच्या लेखणीतून आलेले.

खुणा शोधायच्याच असतील तर त्या साध्या वस्तूंत जास्त पक्क्या सापडतात. मेक्सिकोत आंब्याच्या एका जातीला आजही ‘मनिला’ म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावरचे नारळ फिलिपिन्सच्या वाणाचे आहेत, आणि माडाला छेद देऊन रस काढायची कला फिलिपिनी खलाशांनी तिथे नेली. त्याला तिथे ‘तुबा’ म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या माणसाला ती माडी लगेच ओळखता येईल. आणि ‘पालिआकाते’. मेक्सिकन शेतकरी गळ्यात किंवा डोक्याला बांधतात तो छापील रुमाल. या शब्दाचे मूळ एक मत कोरोमंडल किनाऱ्यावरच्या पुलिकतमध्ये शोधते, जिथून असे छापील कापड निर्यात होई. दुसरे मत तो स्थानिक नाहुआत्ल भाषेतला मानते. मला पहिले मत भावते, पण भावण्याला पुरावा म्हणत नाहीत.

हा रुमाल डोक्याला बांधलेला एक माणूस मेक्सिकोच्या प्रत्येक शाळकरी पुस्तकात आहे. होसे मारिया मोरेलोस. पाद्री होण्याआधी तो खेचरांचे तांडे हाकत असे. अकापुल्को ते मेक्सिको सिटी ही वाट ‘चीनची वाट’ म्हणून ओळखली जाई. डोंगर, दऱ्या, पापागायो आणि मेस्काला या नद्या. नदी ओलांडायला सुके भोपळे बांधलेले तराफे असत आणि आदिवासी पोहणारे ते ढकलत नेत. या वाटेवरचे खेचरवाले बहुतेक मिश्र रक्ताचे. स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले तेव्हा रस्ता, खिंड, पाणवठा सगळे तोंडपाठ असलेली ही माणसे बंडात उतरली. १८१३च्या एप्रिलमध्ये मोरेलोसने अकापुल्को शहर घेतले आणि ऑगस्टमध्ये सान दिएगोचा किल्लाही शरण आला. दोनच वर्षांत मनिलाची शेवटची गलबत-फेरी संपली.

हा किल्ला शहरात पाहण्यासारखी सर्वांत महत्त्वाची जागा. १६१५मध्ये डच दर्यावर्दी स्पिलबर्गेन ताफा घेऊन खाडीत शिरला आणि कैद्यांच्या बदल्यात पाणी आणि अन्न घेऊन निघून गेला. बंदर किती उघडे आहे हे कळल्यावर स्पॅनिशांनी आद्रियान बोट या अभियंत्याकडून किल्ला बांधून घेतला. गंमत म्हणजे बोटही डचच. १७७६च्या भूकंपात तो कोसळला आणि १७८३पर्यंत आजचा पंचकोनी किल्ला उभा राहिला. आता तिथे शहराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. मनिलाच्या व्यापाराची दालने तिथे आहेत. किनाऱ्यावर आलेल्या माणसाने तास-दोन तास उन्हातून उठून तिथे जावे.

याच खाडीत आणखी एक गोष्ट घडली. मोरेलोसचा सहकारी विसेंते गेरेरो, तोही खेचरवाल्यांच्या घरातला, आफ्रिकी आणि आदिवासी रक्ताचा. १८२९मध्ये तो मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने गुलामी रद्द केली. वर्ष संपण्यापूर्वी त्याला पदावरून घालवण्यात आले. विरोधकांनी मग पिकालुगा नावाच्या एका इटालियन कप्तानाशी सौदा केला. किंमत पन्नास हजार पेसो. जानेवारी १८३१मध्ये पिकालुगाने गेरेरोला अकापुल्कोच्या बंदरात आपल्या जहाजावर जेवायला बोलावले, नांगर उचलला आणि त्याला शत्रूच्या ताब्यात दिले. १४ फेब्रुवारीला त्याला गोळ्या घालण्यात आल्या. अकापुल्को ज्या राज्यात आहे त्या राज्याला आज त्याचे नाव आहे. जिथे गुलाम उतरवले गेले, त्याच पाण्यावर गुलामी संपवणारा माणूस विकला गेला.

गलबते बंद पडल्यावर अकापुल्को जवळपास शंभर वर्षे झोपले. १९२७मध्ये मेक्सिको सिटीहून मोटाररस्ता आला. १९४६ ते १९५२ राष्ट्राध्यक्ष असलेल्या मिगेल आलेमानने हे शहर मनावर घेतले, किनाऱ्यालगतचा मोठा हमरस्ता आजही त्याच्या नावाने आहे. त्यासाठी गावकीच्या जमिनी गेल्या. हॉटेलांत राबणारी माणसे मागच्या डोंगरउतारावर झोपड्या बांधून राहू लागली. १९८०च्या सुमारास दृश्य बिघडते म्हणून त्यांना डोंगरापलीकडे नव्या वसाहतीत हलवण्याचा घाट घातला गेला. त्या वसाहतीचे नाव ‘पुनर्जन्म नगर’. नाव ठेवणाऱ्यांना सलाम. १९९७च्या पॉलिना वादळात मेलेली माणसे डोंगरातल्या ओढ्याकाठची होती, समुद्राकाठच्या हॉटेलांतली नव्हती.

आज जायचे तर भारतातून थेट विमान नाही, युरोप किंवा अमेरिकेमार्गे मेक्सिको सिटी गाठायची. तिथून ३८० किलोमीटर. १९९३मध्ये पूर्ण झालेल्या टोलरस्त्याने बसला पाचेक तास लागतात. ज्या मेस्कालाला करेरीच्या काळात भोपळ्यांच्या तराफ्यावरून पार करत, तिच्यावर आता प्रचंड उंच पूल आहे. शहरात मुख्य चौक, निळ्या घुमटाचे चर्च, किल्ला आणि जुना धक्का पायी पाहून होतात. ला केब्राडाच्या कड्यावर सुमारे ३५ मीटर उंचीवरून सूर मारणारे लोक १९३४पासून संघटितपणे हे काम करतात. लाट आत येण्याचा क्षण चुकला तर खाली खडक आहे. जाण्यापूर्वी परिस्थितीची चौकशी मात्र जरूर करावी. टोळ्यांच्या हिंसाचाराने गेल्या दोन दशकांत शहराची रया घालवली, आणि २५ ऑक्टोबर २०२३च्या मध्यरात्री ओटिस हे वादळ आदळले. एका दिवसात ते साध्या वादळाचे पाचव्या दर्जाचे चक्रीवादळ झाले होते. ताशी २६० किलोमीटरच्या वाऱ्याने बहुतेक मोठी हॉटेले धड ठेवली नाहीत. रोजगार एका रात्रीत गेला. हमालांची तिरडी तेव्हाही निघाली असती.

गेरेरो राज्यात गावोगावच्या जत्रांत ‘मोरोस इ क्रिस्तियानोस’ नावाचा नाच होतो. एक बाजू ख्रिस्ती, दुसरी मुसलमान. मोरोंच्या डोक्यावर चकचकीत मुकुट, अंगावर भरजरी झगे, आणि ते दरवर्षी हरतात. मोरो होऊन नाचणारे असतात आदिवासी किंवा आफ्रिकी वंशाचे शेतकरी, ज्यांनी आयुष्यात मुसलमान पाहिलेला नसतो. पाद्र्यांनी हा खेळ जिंकलेल्या लोकांना धडा म्हणून शिकवला होता. पण पोशाख मोरोंचाच जास्त देखणा असतो, आणि त्या बाजूने नाचायला पोरे हौसेने तयार होतात.

अकापुल्कोपासून पूर्वेला जाणाऱ्या किनारपट्टीला कोस्ता चिका म्हणतात. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज तिथल्या गावांत आजही राहतात. मेक्सिकोच्या संविधानात त्यांची दखल यायला २०१९ साल उजाडले. पुढच्या वर्षीच्या जनगणनेत पहिल्यांदाच सर्वांना हा प्रश्न विचारला गेला आणि पंचवीस लाखांहून अधिक लोकांनी आपण आफ्रिकी वंशाचे आहोत असे सांगितले. ‘चिनो’ म्हणून नोंदल्या गेलेल्यांच्या वंशजांसाठी त्या फॉर्मवर रकाना नव्हता.